बाहेरची पुस्तकं, बाहेरची माणसं

ठाण्याहून भाच्याचा निरोप आला. "मावशी, हनोखचं पुस्तक तुमच्याकडे खरं मानतात की खोटं? ग्रुपवर जाम भांडणं लागलीत. एका शब्दात सांग." खाली एक व्हिडिओ. स्वर्गातून उतरलेले दोनशे देवदूत, त्यांना पृथ्वीवरच्या बायकांपासून झालेली राक्षसासारखी मुलं, आणि हे सगळं रब्बींनी (म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी) आणि पोपने संगनमत करून दोन हजार वर्षं कसं दडवून ठेवलं त्याची कहाणी. रब्बी आणि पोप यांचं इतकी वर्षं एका गोष्टीवर एकमत टिकलं असेल, तर खरा चमत्कार तोच.

ग्रुप आमच्याच लोकांचा, ठाण्यात आणि मुंबईत उरलेल्या बेने इस्रायल घरांचा, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचा. एका बाजूचं म्हणणं, हे जगातलं सगळ्यात जुनं शास्त्र, विज्ञानानेही ते मानलंय. दुसऱ्या बाजूचा एक तरुण म्हणाला, सगळं थोतांड आहे, आणि तसं पाहिलं तर आपले पूर्वज गलबत फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले, ही आपली नवगावची गोष्ट तरी कुठे खरी आहे? मग काय, हनोख बाजूला राहिला आणि नवगाव पेटलं.

मी पंडित नाही. इस्रायलमधल्या बीरशेव्यात दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त-लघवी तपासण्यात माझी नोकरी गेली. पण त्या नोकरीने एक शिकवलं. "रिपोर्ट चांगला आहे का" असं कुणी विचारलं की आधी विचारायचं, कुठला रिपोर्ट? हनोखच्या पुस्तकाचं तेच आहे. ते जुनं आहे का, हा एक प्रश्न. हनोखनेच लिहिलं का, हा दुसरा. कुणी ते पवित्र मानलं का, हा तिसरा. तिन्हींची उत्तरं वेगळी येतात आणि ग्रुपवर तिन्ही एकाच बाटलीत ओतून हलवली होती.

हनोख म्हणजे उत्पत्तीच्या पुस्तकातला, आदामापासून सातवा पुरुष. ३६५ वर्षं जगला, देवाबरोबर चालला आणि मग देवाने त्याला नेलं. बायबलमध्ये एवढंच. इतकी चिमूटभर माहिती असलेला माणूस कथाकारांच्या हाती लागला तर ते सोडतील का? त्याच्या नावावरचं पुस्तक पूर्ण स्वरूपात फक्त इथिओपियात, तिथल्या गीझ या जुन्या भाषेत टिकलं. जेम्स ब्रूस नावाच्या स्कॉटिश प्रवाशाने त्याच्या प्रती १७७३ मध्ये युरोपात आणल्या, इंग्रजी भाषांतर १८२१ मध्ये निघालं. मग १९५२ मध्ये मृत समुद्राकाठी कुमरानच्या चौथ्या गुहेत हजारो चिटोरे सापडले. त्यांत हनोखचे अरमाइक तुकडे होते, सगळ्यात जुने इसवी सनपूर्व २००च्या आसपासचे. मिलिक या अभ्यासकाने ते १९७६ मध्ये छापले. म्हणजे पुस्तक जुनं आहे, याबद्दल वाद नाही. पण ३७ ते ७१ या अध्यायांचा तिथे एक कपटाही मिळाला नाही, त्यामुळे तो भाग नंतर जोडला असावा असं बरेच जण मानतात. एका जिल्दीत अनेक हात, अनेक पिढ्या. आणि हनोख? तो प्रलयाच्याही आधीचा माणूस. त्याने हे लिहिलेलं नाही.

"म्हणजे खोटंच ना," भाचा म्हणाला.

इथे मला इस्रायलचं काही आठवत नाही, आपलंच आठवतं. नामदेवांच्या गाथेत "नामा म्हणे" अशी मुद्रा असलेले कितीतरी अभंग नंतरच्या कवींचे आहेत. विष्णुदास नामा हा तर काही शतकांनी झालेला वेगळाच कवी. या लोकांनी बनावट दस्तऐवज केला का? तसं कुणी वारकरी म्हणणार नाही. ते नामदेवांच्या परंपरेत उभे राहून बोलत होते, नाव त्या परंपरेचं होतं. हनोखच्या नावाने लिहिणाऱ्यांचं मन काहीसं असंच असावं, असं मला वाटतं. आणि उलट बाजूही आपल्याकडेच आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी बजावलं, की यात जो आपली ओवी घालेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. पैठणच्या त्या माणसाला रब्बी अकिवाशी बोलायला बसवलं असतं तर दोघांचं जमलं असतं. जे "बाहेरची पुस्तकं" वाचतात त्यांना परलोकात वाटा नाही, हे अकिवाचं मत मिश्नात, म्हणजे रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहात, नोंदलेलं आहे. हिब्रूत या ग्रंथांना आजही तेच नाव आहे, स्फारिम हित्सोनियिम, बाहेरची पुस्तकं. बाहेरची म्हणजे लपवलेली नव्हे. जेरुसलेममध्ये ती दुकानात विकत मिळतात.

खरी बनावट काय असते ते दाखवायला दुसरं उदाहरण आहे. वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयाने मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे म्हणून १६ तुकडे मिळवले होते. २०२० मध्ये तपासणीचा निकाल लागला, सोळाच्या सोळा नकली. चामडं जुनं, शाई नवी. तिथे कुणीतरी पैशासाठी गिऱ्हाइकाला फसवलं होतं. हनोखच्या लेखकाला आणि या ठगाला एकाच "खोटं" शब्दात बसवायचं असेल तर शब्दच अपुरा आहे.

बाहेर कुणाच्या, हा प्रश्न मला इथे आल्यावर पडला. मी १९९१ मध्ये आले. त्याच वर्षी मे महिन्यात ३६ तासांत १४ हजारांहून अधिक इथिओपियन ज्यूंना विमानांनी इथे आणलं होतं. हिब्रू शिकायच्या वर्गात माझ्या शेजारी त्यांच्यातलीच एक बाई बसायची, पुढे ती माझी शेजारीणच झाली. हनुक्का हा दिव्यांचा सण आला तेव्हा बाईंनी वर्गात तेलाचा चमत्कार सांगितला, एक दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं. माझी शेजारीण हळूच म्हणाली, आमच्या गावात हा सण नव्हता. मी म्हटलं, माझ्या खापरपणजीच्या अलिबागेतही नव्हता. बाईंनी आमच्याकडे जरा दयेनेच पाहिलं. खूप नंतर मक्काबींची, म्हणजे ग्रीक राजाशी लढून मंदिर परत मिळवणाऱ्या ज्यूंची, पुस्तकं वाचली तेव्हा समजलं, की तेलाची ती गोष्ट त्यांत नाहीच, ती तालमूदातली, रब्बींच्या नंतरच्या मोठ्या ग्रंथातली आहे. दुसऱ्या पुस्तकात आठ दिवसांचं कारण वेगळं दिलंय, डोंगरात लपल्यामुळे राहून गेलेला मांडवांचा सण त्यांनी मंदिर पुन्हा हाती आल्यावर साजरा केला. शनवार तेल्यांच्या (शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून कोकणात आम्हाला हेच नाव) वंशातल्या बाईला तेलाची खोट इतक्या उशिरा कळावी!

त्या शेजारणीचा मामा केस होता (डोक्यावरचे नव्हेत, त्यांच्यात धर्मगुरूला तसं म्हणतात). त्याला "कुफाले" मुखोद्गत होतं, ज्याला इथले अभ्यासक योबेलांचं पुस्तक म्हणतात. उत्पत्तीचीच कथा, पण देवदूताने मोशेला सांगितलेली, कालगणना लावलेली, शब्बाथचे, शनिवारच्या विश्रांतीचे, नियम कडक केलेले. आमच्या कोकणातल्या ज्यू कीर्तनकारांनी अब्राहाम किंवा योसेफाचं आख्यान लावलं की तेही जिथे शास्त्र गप्प बसलंय तिथे पदरचं घालायचे. या कुफालेचे हिब्रू तुकडे कुमरानला डझनाहून अधिक प्रतींचे सापडलेत. म्हणजे ज्या काळी जेरुसलेमच्या परिसरात ते भक्तीने उतरवलं जात होतं, त्याचा धागा इथिओपियातल्या झोपडीत टिकला आणि इथल्या शाळेत मात्र ते बाहेरचं झालं. तिचा मामा बाहेरचा कसा, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो बेन सिरा. हा हनोखसारखा नाही, याने आपल्या खऱ्या नावाने लिहिलं. इसवी सनपूर्व १८०च्या सुमाराचा जेरुसलेमचा शहाणा माणूस, जेवायला बसल्यावर कसं वागावं इथपासून वैद्याला मान का द्यावा इथपर्यंत सगळं सांगणारा. नातवाने इजिप्तला जाऊन आजोबांचं पुस्तक ग्रीकमध्ये केलं आणि प्रस्तावनेत माफी मागितली, की हिब्रूतलं दुसऱ्या भाषेत नेलं की तसं उतरत नाही. परदेशी गेलेल्या नातवंडाची ही बहुधा पहिलीच तक्रार. मूळ हिब्रू हरवलं. तालमूदात गंमत अशी, की एकाच पानावर बेन सिरा वाचायला मनाई आहे आणि तिथेच त्याची वाक्यं सांगितली आहेत. त्यांतलं एक मुलीच्या बापाबद्दल आहे. तिच्या काळजीने त्याला रात्री झोप येत नाही, लहानपणी ती बिघडू नये म्हणून, वयात आल्यावर लग्न जमावं म्हणून. हे वाक्य माझ्या आजोबांनी नक्कीच वाचलं नव्हतं, पण म्हणायचे मात्र अगदी हेच.

१८९६ मध्ये केंब्रिजच्या दोन जुळ्या बहिणी, अ‍ॅग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन, पूर्वेकडून काही जुनी पानं घेऊन आल्या. केंब्रिजच्याच सॉलोमन शेक्टर या अभ्यासकाने त्यांतलं एक पान ओळखलं, हिब्रू बेन सिरा! मग तो कैरोच्या सिनेगॉगमधल्या, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिरातल्या, कागदांच्या अडगळीतून सुमारे १ लाख ९० हजार तुकडे केंब्रिजला घेऊन आला. सगळे खूश झाले असतील? छे. ऑक्सफर्डचे प्राध्यापक मार्गोलियथ म्हणाले, हे मूळ नव्हेच, फारशी भाषांतरावरून उलटं हिब्रूत केलेलं आहे. तुमची हिब्रू फार नंतरची वाटते, तुमच्यावर दुसऱ्या भाषांचे डाग आहेत, तुम्ही मूळ असल्याचं सोंग करताय. वाद कितीतरी वर्षं रेंगाळला. शेवटी १९६४ मध्ये उत्खनन करणाऱ्या यिगाएल यादिनना मृत समुद्राजवळच्या मसादाच्या किल्ल्यात बेन सिराच्या हिब्रू गुंडाळीचे तुकडे मिळाले. मसादा इसवी सन ७३-७४च्या सुमारास पडला, म्हणजे गुंडाळी त्याआधीचीच. कैरोच्या पानांशी ती ताडून पाहिली. कैरोची पानं नकलाकारांच्या हातून मळली होती, पण मुळात ती मूळच होती. आणि मसादाला जो भाग मिळाला त्यात तो मुलीचा न झोपणारा बापही आहे. (त्याच्या पुढचं वाक्य बायकांबद्दल इतकं वाईट आहे की ते नकली निघालं असतं तर मला चाललं असतं.)

१९६४ हे साल आमच्या लोकांना दुसऱ्या कारणाने पाठ आहे. १९६२ मध्ये इथल्या मुख्य रब्बींकडून लग्न लावणाऱ्यांसाठी सूचना निघाल्या, की बेने इस्रायलपैकी कुणी लग्नाला आला तर त्याच्या पूर्वजांची मागे जाता येईल तितकी चौकशी करा. तुमचं रक्त फार नंतरचं वाटतं, तुमच्यावर दुसऱ्यांचे डाग आहेत. १९६४च्या उन्हाळ्यात आमचे लोक जेरुसलेमला निदर्शनांना बसले. ऑगस्टमध्ये केनेसेटने, इथल्या संसदेने, ठराव केला, की हे लोक सर्व अर्थांनी ज्यू आहेत. मग त्या सूचनांमधून आमचं नाव वगळलं गेलं. त्याच वर्षी वसंतात मसादाच्या भिंतीत बेन सिरा सापडला होता. आमच्यासाठी मात्र कुठल्या भिंतीतून गुंडाळी निघाली नाही, आम्हाला रस्त्यावर बसावं लागलं.

म्हणून नवगावबद्दल ग्रुपवर जे चाललंय ते वाचून मला दोन्ही बाजूंचा राग येतो. गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, उरलेल्यांना नवगावला पुरलं, वाचलेल्यांनी तेलाचे घाणे घातले आणि शनिवारी बंद ठेवले. याला इसवी सनपूर्व १७५ची तारीख लावण्यामागे आमच्यातलेच इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांची मांडणी आहे. आपल्यात हनुक्का नव्हता, तेव्हा आपले पूर्वज मक्काबींच्या लढ्याआधी, त्या ग्रीक राजाच्या, अँटिओकसच्या, धास्तीने निघाले असणार. म्हणजे आपलं वय आपण एका बाहेरच्या पुस्तकावरून काढलंय! तर्क हुशार आहे, पण कच्चा आहे. आपले पूर्वज 'शमा' ही देव एकच असल्याची प्रार्थना सोडून जवळजवळ सगळ्या प्रार्थना विसरले होते. जो इतकं विसरला तो एक सण विसरणार नाही कशावरून? त्या तरुणाचं इतकं बरोबर आहे. पण तारीख कच्ची म्हणून गोष्ट थोतांड, हे त्याचं चुकतं. गोष्टीला जन्मदाखल्याचं काम लावलं की ती खोटी दिसणारच. ती आख्यान आहे, तिला आख्यान राहू द्या.

जे तारखेसाठी भांडतायत त्यांनाही विचारायचंय. भारतात आम्हाला कुणी पुरावा मागितला नाही, हे आपण इथे छाती पुढे काढून सांगतो आणि ते खरं आहे. पण आपणच आपल्यांना मागत होतो ना? गोरे आणि काळे बेने इस्रायल, त्यांच्यात सोयरीक नाही, मलिद्याची ताटंसुद्धा वेगळी ठेवणारे लोक माझ्या आजीने पाहिलेत. प्रक्षिप्त ओव्या काढायचं काम आपण माणसांवर करत होतो, तेही कुठली जुनी प्रत हातात नसताना.

हे सगळं मी भाच्याला लिहिलं. त्याचं उत्तर, "मावशी, एका शब्दात सांग म्हटलं होतं."

माझ्या मुलीच्या लग्नाची नोंदणी करायला गेलो तेव्हाचं सांगते. कचेरीत विचारलं, आईच्या आईचं लग्न ज्यू रीतीने झाल्याचा कागद? मी तयारीने गेले होते. आईने ठाण्याच्या सिनेगॉगच्या वहीतल्या नोंदीचा मराठी उतारा घेऊन ठेवला होता, शाई तपकिरी झालेली, खाली पंचांच्या सह्या, एक अंगठा. कारकुनाने तो उलटा धरला, मग सुलटा धरला आणि म्हणाला, याचं हिब्रू भाषांतर करून आणा. आठवड्याने घेऊन गेले. भाषांतरावर शिक्का मारून त्याने ते फाइलमध्ये लावलं आणि आईचा कागद माझ्यासमोर सरकवला. "हा नको," म्हणाला, "हा घेऊन जा."