काकांचा फॉरवर्ड आणि पावसातली सायकल

जून लागला की आमच्या घरच्या ग्रुपवर एक निरोप न चुकता येतो. या वर्षी तो काकांनी टाकला. पावसाळ्यात सायकलने कामावर जाणं म्हणजे जिवाशी खेळ, असा मथळा आणि खाली सहा कारणं. भिजून आजारी पडाल. ओल्या रस्त्यावर बारीक टायर घसरतो. ब्रेक लागत नाहीत. लोखंडी सायकल वीज ओढून घेते. चार महिन्यांत सायकल गंजून भंगारात जाते. आणि असले लाड हॉलंडमध्ये ठीक, तिकडचा पाऊस वेगळा. शेवटी तीन जोडलेले हात आणि 'आपल्या माणसांना नक्की पाठवा'. आपला माणूस म्हणून तो मला चार ठिकाणांहून आला.

मी पुण्यात धायरीहून शिवाजीनगरला सायकलने जातो. जायचे ११ किलोमीटर, यायचे ११, आणि पावसाळ्यातही. त्यामुळे नुसता अंगठ्याचा इमोजी टाकून गप्प बसवेना.

आधी भिजणं. सर्दी विषाणूने होते, आणि तो बहुतेक वेळा बंद खिडक्यांच्या खोलीत शेजारी शिंकणाऱ्या माणसाकडून मिळतो. ओल्या कपड्यांत एसीखाली दिवसभर बसलात तर कुडकुडाल, पायांना चिखल्या होतील, हे मान्य. म्हणून पोचल्यावर कपडे बदलायचे. पण पुण्यात पावसातून कामाला जाणारी बरीचशी जनता स्कूटर-मोटरसायकलवर असते, आणि त्यांना काही छप्पर नसतं. काकाही स्कूटरवरच फिरतात, रेनकोट घालून, पावसाला शिव्या देत. तरी 'पावसात स्कूटर म्हणजे जिवाशी खेळ' असा फॉरवर्ड मला अजून आलेला नाही.

फरक आहे तो वेळेचा आणि घामाचा. मला ४० मिनिटं लागतात, आणि रेनकोट घालून पेडल मारलं की बाहेरून कोरडा माणूस आतून चिंब होतो. दोन पावसाळे असे काढल्यावर मी रेनकोट सोडला आणि खालून उघडी, पुढे हँडलवर पसरणारी खोळ घेतली. कोकणात भातलावणीला पाठीवर इरलं घेतात त्यातली युक्ती हीच: पाणी वरून निथळतं, हात मोकळे, आणि अंगाला वारा लागतो. वारा सुटला की खोळ शिडासारखी फुगते, तेव्हा मात्र तिचा राग येतो. छत्री धरून सायकल चालवणारे महाभाग अजून दिसतात. त्यांच्या हातात एकच ब्रेक उरलेला असतो, आणि छत्री उजव्या हातात असेल तर गेलेला ब्रेक बहुधा पुढचा, म्हणजे जास्त कामाचा.

खरा घात करतं ते खालून उडणारं पाणी. दुकानात ऐटीत उभ्या असलेल्या गिअरच्या सायकलींना बहुतेकदा मडगार्डच नसतात. मग मागचं चाक रस्त्यावरचा राडा उचलून थेट पाठीवर मारतं आणि शर्टावर मानेपर्यंत तपकिरी पट्टा उमटतो. पूर्ण लांबीचे मडगार्ड बसवा, पुढच्याला ऑइलच्या रिकाम्या कॅनचा तुकडा कापून लोंबता लावा, निम्मं भिजणं तिथेच संपतं. पायात सँडल. बूट ऑफिसच्या खणात असतात; चुकून भिजलेच तर त्यांत वर्तमानपत्र चुरगाळून कोंबायचं आणि तासाभराने बदलायचं. संपादकीय पान सगळ्यांत जास्त पाणी शोषतं, असा माझा अनुभव आहे.

आता घसरणं. टायर पाण्यावर तरंगतो ही भीती मोटारीकडून उसनी घेतलेली आहे. विमानांच्या टायरसाठी नासाने १९६० च्या दशकात बसवलेलं एक सूत्र आहे: टायर पाण्यावर कधी तरंगायला लागेल तो वेग टायरमधल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतो. ५० पीएसआय हवा असलेल्या टायरला ते सूत्र लावलं तर उत्तर येतं ताशी सुमारे ११८ किलोमीटर. सिंहगड रोडवर सकाळी साडेनऊला मला ताशी २५ मिळाले तरी मी पेढे वाटीन. शिवाय सायकलचा टायर बारीक आणि गोल, तो पाणी बाजूला सारत जातो. त्यामुळे नक्षी गुळगुळीत झाली म्हणून डांबरी रस्त्यावर फारसं बिघडत नाही.

सायकल घसरते, हे खरंच आहे. पण कुठे, ते फॉरवर्डमध्ये नाही. पहिल्या दोन-तीन सरींत, कारण उन्हाळाभर साचलेलं तेल आणि धूळ पाण्यात कालवून रस्त्यावर लेप बसतो. चांगला पाऊस झाला की तो धुऊन जातो. झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या रंगावर. गटाराच्या लोखंडी झाकणावर. खोदकामावर टाकलेल्या पत्र्यांवर. शेवाळ धरलेल्या पेव्हर ब्लॉकवर. आणि जूनमध्ये जांभळाच्या झाडाखाली, जिथे रस्ता जांभळा झालेला असतो तिथे. मी पडलो तो पांढऱ्या पट्ट्यावर. डावीकडे वळता वळता ब्रेक दाबला, पुढचं चाक बाजूला गेलं आणि मी कोपरावर. चूक माझीच. वेग वळणाआधी कमी करायचा, वळताना ब्रेकला हात लावायचा नाही, आणि अशा जागांवरून हँडल सरळ ठेवून जायचं, एवढं शिकायला कोपराची साल गेली.

ब्रेकच्या मुद्द्यात मात्र काका निम्मे बरोबर आहेत. जुन्या काळ्या सायकलींच्या चाकांना स्टीलच्या चकचकीत रिम असायच्या, आणि ओल्या स्टीलवर रबर धरतच नाही. ब्रेक दाबा, आणि मग देवाचं नाव घ्या. ज्यांनी उमेदीची वर्षं तसल्या सायकली चालवल्या त्यांच्या मनात ती भीती घर करून बसली तर नवल नाही. ॲल्युमिनियमच्या रिमवर बरंच बरं असतं, तरी पहिला एखादा फेरा पाणी पुसण्यातच जातो; म्हणून थांबायच्या बरंच आधी ब्रेक हलके टेकवून रिम कोरडी करून घ्यायची. डिस्क ब्रेकची तबकडी रस्त्यापासून वर असते, तिला पाण्याचा त्रास कमी. तेलाचा मात्र आहे: चेनला तेल सोडताना थेंब तबकडीवर उडाला तर ब्रेक गेलाच समजा.

विजेचं थोडक्यात. एवढ्याशा लोखंडाकडे वीज ओढली जात नाही. पण रबरी टायरमुळे आपण वाचतो, हेही खोटं. कडकडाट सुरू झाला की पक्क्या इमारतीत शिरायचं, झाडाखाली नाही. आपल्याकडे विजा जास्त करून वळवाच्या आणि परतीच्या पावसात. आषाढातल्या झिमझिमीत त्या क्वचितच.

गंज? घरी आल्यावर चेन पुसायची, तेलाचे थेंब सोडायचे. पाच मिनिटं. पंक्चर मात्र वाढतात, कारण काचेची कुसळं ओल्या टायरला चिकटून राहतात आणि ओलं रबर चटकन कापलं जातं. हे फॉरवर्डला सुचलेलं नाही.

राहता राहिलं हॉलंड. ॲमस्टरडॅममध्ये वर्षाला ८०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पुण्यात ७०० ते ७५०. म्हणजे त्यांचा पाऊस आपल्यापेक्षा कमी नाही, फक्त तो बारा महिन्यांत पसरलेला आणि थंड आहे. पुण्यात हवामान खात्याच्या व्याख्येने पावसाचे दिवस, म्हणजे २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झालेले, वर्षाला साधारण ५० भरतात, आणि त्यातही सर आपल्या जाण्यायेण्याच्या वेळीच येईल असं नाही. 'आम्ही काही साखरेचे नाही' अशी डच लोकांची म्हण आहे. आमची आजी 'मिठाचा आहेस का विरघळायला' म्हणायची.

तरीही काकांचं 'आपल्याकडचं वेगळं' हे वाक्य मला पूर्ण खोडता येत नाही, विशेषतः मुंबईच्या बाबतीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला. ॲमस्टरडॅमचा वर्षाचा पाऊस एका दिवसात. त्यानंतर लेप्टोस्पायरोसिस या तापाची, म्हणजे लेप्टोची, साथ आली, कारण उंदरांच्या मूत्राने दूषित झालेलं पाणी पायाच्या जखमेतून शरीरात जातं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईतले एक नामवंत डॉक्टर पाण्याखाली न दिसणाऱ्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. ते चालत होते. पुण्यात २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, आणि त्याच दिवशी डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत विजेचा धक्का बसून तिघांचा जीव गेला. ते डॉक्टर काय, हे तिघं काय, सायकलवर कुणीच नव्हतं. भ्यायचंच असेल तर तळ न दिसणाऱ्या पाण्याला भ्यावं. मी अशा ठिकाणी उतरतो आणि परत फिरतो. नदीचं पाणी चढून भिडे पूल बंद म्हणजे बंद. खोळंबलो तर खोळंबलो. सायकल असल्याचा फायदा एवढाच की ती उचलून फुटपाथवर घेता येते, सायलेन्सरमध्ये पाणी गेलेली स्कूटर तशी उचलता येत नाही.

दुसरी खरी भीती मागून येणाऱ्या मोटारीची. पावसात तिची काच धुरकट, वायपर फाटका, आणि चालक घाईत. त्यासाठी मागे लाल लुकलुकणारा दिवा, दिवसाही. शाळेत असताना माझ्या सायकलला बाटलीचा डायनॅमो होता. तो पावसात ओल्या टायरवर नुसता घसरायचा, म्हणजे उजेडाची गरज असेल तेव्हाच अंधार.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. अर्ध्या तासाने काकांचा फोन. एक सांगायचं राहिलंच: काकांनी खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत नोकरी केली आणि कितीतरी पावसाळे, पहिली पाळी असो की दुसरी, ते सायकलनेच गेले. डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ आणि चाकांना त्याच स्टीलच्या रिम.

"आम्हाला दुसरं होतं काय रे," ते म्हणाले. "तुला स्कूटर परवडते."

मी काही बोललो नाही. मग जरा थांबून म्हणाले, "आणि चेन कशाने पुसतोस? नवीन फडकं घेऊ नकोस. जुनं बनियन घे, ते तेल पितं."