संपादक फक्त टपाली नसतो

प्राध्यापकांच्या ग्रुपांवर एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. आशय असा: ‘शोधनिबंधाची सगळी जबाबदारी लेखकाची. संपादकाने सिमिलॅरिटी (दुसऱ्या लेखनाशी जुळणारा मजकूर) १० टक्क्यांच्या आत आहे एवढं बघायचं, निबंध दोन रेफरींकडे, म्हणजे तपासणाऱ्या तज्ज्ञांकडे धाडायचा, त्यांचा होकार आला की छापायचा. पुढे काही निघालंच तर लिंक काढून टाकायची.’ यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) फेब्रुवारी २०२५मध्ये मान्य जर्नलांची ‘केअर’ यादी बंद केली आणि जर्नल पारखायचं काम संस्थांच्या गळ्यात आलं. त्यामुळे हा मजकूर आता जास्तच महागात पडणार आहे. त्याचा एकेक तुकडा घेऊ.

‘सगळी जबाबदारी लेखकाची.’ आकडे रचले तर दोष लेखकाचा, याबद्दल वाद नाही. पण छापायचं की नाही हे लेखक ठरवत नाही. हस्तलिखित, रेफरींची नावं, त्यांचे अभिप्राय आणि लेखकाची उत्तरं हे सगळं एकत्र संपादकाच्याच टेबलावर असतं. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलने २२ मे २०२० रोजी कोविडच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधावर एक निबंध छापला. ६७१ रुग्णालयं आणि ९६,०३२ रुग्ण असा त्याचा पसारा होता. ४ जूनला तो मागे घेतला गेला, कारण मूळ विदा (डेटा) एकाच कंपनीकडे होती आणि स्वतंत्र तपासणीला ती द्यायला कंपनी तयार झाली नाही. पुढे लॅन्सेटने नियम केला: एकाहून अधिक लेखकांनी मूळ विदा स्वतः पाहून पडताळल्याचं लिहून द्यायचं. म्हणजे ‘विदा कोणी कोणी पाहिली?’ हा प्रश्न संपादकाला छापण्याआधीही विचारता आला असता.

‘दोन रेफरी हो म्हणाले की झालं.’ सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने केलं आहे. रेफरी सल्ला देतो, निर्णय संपादकाचा असतो. शिवाय तो रेफरी खरा आहे का, हेही संपादकानेच बघायचं असतं. दक्षिण कोरियातल्या एका संशोधकाने सुचवलेल्या रेफरींचे ईमेल पत्ते प्रत्यक्षात त्याच्याच हातात होते आणि तो स्वतःच्या निबंधांवर स्वतःच अभिप्राय लिहीत होता. प्रकरण २०१२मध्ये उघड झालं. संपादकाला संशय आला तो अभिप्राय २४ तासांच्या आत येत होते म्हणून. खरे रेफरी इतके तत्पर नसतात. २०१४मध्ये सेज प्रकाशनाने ‘जर्नल ऑफ व्हायब्रेशन अँड कंट्रोल’मधले ६० निबंध अशाच बनावट खात्यांच्या साखळीमुळे मागे घेतले.

म्हणून करायचं ते असं. लेखकाने सुचवलेल्या नावांपैकी फार तर एक घ्यायचं, दुसरा रेफरी स्वतः शोधायचा. ईमेल पत्ता रेफरीच्या संस्थेच्या पानावरून घ्यायचा. जीमेल दिलं असेल तर संस्थेच्या पत्त्यावर विचारून खात्री करायची. लेखक आणि रेफरी एकाच विभागातले आहेत का, गेल्या तीन-पाच वर्षांत त्यांनी एकत्र लिहिलंय का, गाइड-विद्यार्थी असं नातं आहे का, हे पाहायचं. ‘चांगला निबंध, छापावा’ एवढाच अभिप्राय आला तर तो अभिप्राय म्हणून धरायचाच नाही. दोघांची मतं उलटसुलट असतील तर निबंध स्वतः वाचायचा आणि गरज पडल्यास तिसऱ्याला विचारायचं. विशेषांक पाहुण्या संपादकाकडे सोपवला तरी मुख्य संपादक सुटत नाही. हिंदावी या प्रकाशनाच्या जर्नलांमधून २०२३मध्ये आठ हजारांहून अधिक निबंध मागे घ्यावे लागले, त्यांतले बहुतेक विशेषांकांतले होते.

‘सिमिलॅरिटी १० टक्क्यांच्या आत.’ यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, एवढंच म्हटलंय. सॉफ्टवेअर जुळणारे शब्द मोजतं, चोरी ओळखत नाही. एकाच स्रोतातून सलग आलेले नऊ टक्के हे चाळीस ठिकाणच्या किरकोळ वीस टक्क्यांपेक्षा वाईट. इंग्रजी लेख मराठीत उतरवून आपल्या नावावर खपवला तर रिपोर्ट बहुधा स्वच्छच येतो. त्यामुळे संदर्भसूची आणि अवतरणं वगळून स्रोतवार यादी वाचायची.

चित्रं तर या रिपोर्टात येतच नाहीत. २०१६च्या एका पाहणीत २०,६२१ निबंध तपासले, त्यांपैकी ३.८ टक्क्यांत पुनरावृत्ती झालेल्या संशयास्पद आकृत्या सापडल्या. आकृतीचा कॉन्ट्रास्ट वाढवून बघायचा आणि शंका आली की मूळ फाइल मागवायची. तक्त्यांसाठी साधा हिशोब पुरतो: उत्तरं देणारे २० असतील तर टक्केवारी पाचाच्या पटीतच येणार, तिथे ३३ टक्के दिसले की थांबायचं. रुग्णांवरच्या चाचणीत सीटीआरआय (चाचण्यांची भारतातली नोंदवही) नोंदणीची तारीख पहिला रुग्ण चाचणीत घेण्याच्या आधीची हवी. एथिक्स समितीच्या परवानगीचंही तसंच.

‘लिंक काढून टाकायची.’ गुपचूप काढलेला निबंध मरत नाही. पीडीएफ फिरत राहते, संदर्भ दिले जातात, डीओआय (निबंधाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) मात्र रिकाम्या पानावर जातो. सीओपीई या संपादकांच्या संघटनेची रीत उलट आहे: मूळ निबंध जागेवर ठेवायचा, प्रत्येक पानावर ‘मागे घेतला’ अशी खूण करायची आणि वेगळी सूचना सर्वांना मोफत वाचता येईल अशी छापायची. त्या सूचनेत कोण मागे घेतंय आणि का, हे स्पष्ट लिहायचं. काढूनच टाकणं हे रुग्णाची ओळख उघड होणं किंवा कोर्टाचा आदेश अशा अपवादांपुरतं.

तक्रार आली की पोच द्यायची, लेखकाला मुदत घालून खुलासा मागायचा, तो पटला नाही तर लेखकाच्या संस्थेला कळवायचं. गैरवर्तनाची चौकशी संस्थेचं काम. संपादकाने शिक्षा सुनवायची नसते. चौकशी रेंगाळली तर निबंधावर शंका असल्याची सूचना लावायची. प्रामाणिक चूक असेल आणि निष्कर्ष टिकत असतील तर दुरुस्तीपत्र पुरे. तक्रार निनावी असली तरी पुरावा बघायचा. वेळ घालवण्याचा परिणाम लॅन्सेटच्याच दुसऱ्या प्रकरणात दिसतो: एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा, १२ मुलांवरचा निबंध फेब्रुवारी १९९८मध्ये आला आणि पूर्णपणे मागे घेतला गेला फेब्रुवारी २०१०मध्ये. तोवर ब्रिटनमध्ये लसीकरण घसरलं होतं.

त्या मजकुरात नसलेली, पण कॉलेजच्या जर्नलांत रोज दिसणारी गोष्ट: प्राचार्यच संपादक आणि अंकात त्यांचाच निबंध. असं असेल तर निबंध दुसऱ्या संपादकाने हाताळायचा, प्राचार्यांना त्या फाइलचा ॲक्सेस द्यायचा नाही आणि हे निबंधाखाली छापायचं. छपाईशुल्क भरलं की नाही, हे निर्णय घेणाऱ्याला निर्णयाआधी कळता कामा नये. कॅसच्या (प्राध्यापकांच्या पदोन्नती योजनेच्या) मुदतीआधी ‘पैसे भरलेत, अंक कधी?’ असे फोन सुरू होतात, ते ऑफिसने घ्यायचे.