‘जिद्दीने सेरेब्रल पाल्सी बरी झाली’ म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

परवा रविवारी बेळगावच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर धावत चार फेऱ्या मारून घाम पुसत बसलो होतो, तेवढ्यात घरच्या ग्रुपवर काकांनी एक व्हिडिओ टाकला. खाली मजकूर असा: ‘अमेरिकेच्या जस्टिन गॅलेगोसला जन्मतः सेरेब्रल पाल्सी. पण जिद्दीच्या जोरावर पूर्ण बरा झाला, ऑलिंपिकची मॅरेथॉन धावला आणि सेरेब्रल पाल्सी असलेला जगातला पहिला व्यावसायिक खेळाडू ठरला. आईवडिलांनी मनावर घेतलं तर कुठलंही मूल धावू शकतं. दहा जणांना पाठवा.’ आणि त्याच्याखाली काकांनी खास आक्कासाठी लिहिलं होतं, ‘बघ गं, ठरवलं की होतंय.’

आक्का खानापूर तालुक्यात असते. तिच्या धाकट्याला, म्हणजे माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याला, सेरेब्रल पाल्सी आहे. तिने साधा अंगठासुद्धा टाकला नाही. म्हणून मी लिहितोय.

आधी एक सांगतो, व्हिडिओ खरा आहे. 6 ऑक्टोबर 2018, जागतिक सेरेब्रल पाल्सी दिवस. ओरेगॉन विद्यापीठात शिकणारा, तिथल्या रनिंग क्लबकडून धावणारा हा पोरगा शर्यत संपवून येतो आणि नायकीची माणसं त्याला सांगतात, तुझ्याशी तीन वर्षांचा करार करतोय. तो कोसळून रडायला लागतो. मीही दोनदा बघितला, माझाही गळा दाटला. पण व्हिडिओखाली जे चिकटवलंय, त्याचं काय?

‘पूर्ण बरा झाला.’ अहो काका, व्हिडिओत त्याच्या पायांकडे तरी बघा. गुडघे आत वळतात, पावलं एकमेकांना घासतात, तोल सावरायला हात वेडेवाकडे हलतात. तो बरा होऊन धावत नाहीये, आहे ते घेऊन धावतोय. सेरेब्रल पाल्सी म्हणजे पोटात असताना, जन्माच्या वेळी किंवा त्यानंतर लगेच बाळाच्या मेंदूला झालेली इजा. मूल फार लवकर जन्मलं, प्राणवायू कमी पडला, कावीळ डोक्यापर्यंत गेली, अशी कारणं असतात. ती इजा पुढे वाढत नाही, पण भरूनही येत नाही. बदलत राहतं ते शरीर. हाडं उंच होतात आणि ताठरलेले स्नायू मागे पडतात, म्हणून उंची वाढायच्या वयात पाय आणखी आखडतात. मग स्प्लिंट, म्हणजे पायाला बांधायचा आधार, नवी, व्यायाम नवे.

भाच्याचे दोन्ही पाय ताठ आहेत, टाच जमिनीला टेकत नाही. त्याच्या बुटाची टाच वर्षभरानंतरही कोरी असते आणि उजव्या बुटाचा चवडा तीन महिन्यांत फाटतो. शहापुरातल्या चांभाराने पहिल्यांदा ते बूट हातात घेतले तेव्हा विचारलं होतं, ‘पोरगं उलटं चालतंय काय वो?’ आता तो न विचारता चवड्याखाली टायरचा तुकडा चिकटवून देतो. गॅलेगोसचंही लहानपण वॉकर आणि फिजिओथेरपीत गेलं, हायस्कुलात तो धावायला लागला. 2018 मध्ये त्याने अर्धमॅरेथॉन 2 तास 3 मिनिटं 49 सेकंदांत पुरी केली. खानापूर ते बेळगाव जेवढा रस्ता आहे, त्याहून थोडंच कमी अंतर. दोन्ही पाय धड असलेले आमच्या डेपोवरचे निम्मे लोक त्याच्या मागे राहतील, मीसुद्धा. त्याचं कौतुक करायला तो ‘बरा’ होण्याची गरज काय?

‘ऑलिंपिकची मॅरेथॉन’ तर निव्वळ थाप. तो धावला 2019 ची शिकागो मॅरेथॉन. त्याच दिवशी त्याच रस्त्यावर केनियाच्या ब्रिजिड कोसगेईने 2 तास 14 मिनिटं 4 सेकंदांचा महिलांचा विश्वविक्रम केला. गॅलेगोसला जवळपास सात तास लागले. सात तास पायांवर! मला तरी तोच आकडा जास्त घाबरवतो. आणि पॅरालिंपिक म्हणायचं असेल तर तिथे अशा खेळाडूंचे टी-31 ते टी-38 असे गट असतात, पहिले चार व्हीलचेअरवरचे, पुढचे चार पायांनी धावणाऱ्यांचे. टोकियो आणि पॅरिसला या धावणाऱ्यांसाठी मॅरेथॉन नव्हतीच. सगळ्यात लांब शर्यत 1500 मीटर, तीही फक्त टी-38 च्या पुरुषांना.

‘जगातला पहिला’ या शब्दात अर्धं सत्य आहे. नायकीने करार केलेला पहिला, एवढंच म्हणा. उत्तर आयर्लंडचा धावपटू मायकेल मॅकिलॉप, त्यालाही सेरेब्रल पाल्सी. तो 2008 ला बीजिंगच्या पॅरालिंपिकमध्ये 800 मीटरचं सुवर्ण घेऊन गेला, 2012 ला लंडनमध्ये 800 आणि 1500 दोन्ही जिंकला, 800 तर दोन मिनिटांच्या आत. रिओत पुन्हा सुवर्ण. टोकियोत त्याच्या टी-37 गटाला 1500 मीटर ठेवलीच नाही, म्हणून कमी त्रास असलेल्या टी-38 वाल्यांबरोबर धावून त्याने कारकिर्दीचा शेवट केला. आपल्याकडचं नाव हवं तर उत्तर प्रदेशची प्रीती पाल आहे, टी-35 गटातली. 2024 ला पॅरिसमध्ये 100 मीटरला कांस्य, 14.21 सेकंद. पॅरालिंपिकच्या ट्रॅकवरचं भारताचं ते पहिलं पदक, मग 200 मीटरलाही कांस्य. तिचा व्हिडिओ अजून एकाही काकाने पाठवलेला नाही.

आता खरं दुखणं. ‘आईवडिलांनी मनावर घेतलं तर.’

सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची हालचाल डॉक्टर पाच पायऱ्यांत मोजतात. पहिल्या पायरीवरचं मूल पळतं, जिने चढतं, फक्त वेग आणि तोल कमी पडतो. पाचव्या पायरीवरच्या मुलाला मान धरता येत नाही. कुठलं मूल कुठल्या पायरीवर, हे मेंदूत इजा कुठे आणि किती झाली त्यावर ठरतं, आईच्या जिद्दीवर नाही. व्यायामाने, स्प्लिंटने, कधी ऑपरेशनने आहे त्या पायरीवर बरंच काही जमवता येतं. पण पाचवीवरच्या मुलाच्या आईला मॅकिलॉप दाखवून ‘ठरव’ म्हणणं म्हणजे जखमेवर मीठच.

आणि आक्काने मनावर घेतलेलं नाही, असं म्हणणाऱ्याने एकदा तिच्याबरोबर सकाळची पहिली लाल बस पकडावी. पोरगं पाच वर्षांचं होईपर्यंत काखेत, खांद्यावर स्प्लिंटची पिशवी, आठवड्यातून तीनदा बेळगाव आणि परत जाऊन शेतात भांगलण. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत सेरेब्रल पाल्सी नावानिशी आहे, पण दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी आक्का तीन वेळा परत आली. फॉर्म कन्नडमध्ये, समोरचा माणूस कन्नडमध्ये, आणि हिला ‘पाय आखडतात’ हे कन्नडमध्ये सांगता येईना. शेवटी तिने टेबलावर हाताची बोटं कात्रीसारखी एकमेकांवर चढवून दाखवली. तेव्हा तो माणूस म्हणाला, ‘हां हां, गोत्तायतु,’ म्हणजे कळलं.

हे सगळं मी ग्रुपवर थोडक्यात लिहिलं. काकांनी ‘सॉरी रे, आलेलं पुढं ढकललं’ म्हणून मेसेज काढून टाकला. आक्काने रात्री फक्त भाच्याचा आवाज पाठवला: ‘मामा, त्या पळणाऱ्याचा पण उजवाच बूट फाटतो काय?’

चार दिवसांनी तोच मेसेज आमच्या गल्लीच्या ग्रुपवर आला. या वेळी धावपटू जर्मनीचा होता.