कॉम्प्युटरला हरवायचंय, पण त्याला फसवून नाही

काल रात्री फुटबॉल मॅनेजरमध्ये, म्हणजे ज्या कॉम्प्युटर गेममध्ये आपण टीमचे मॅनेजर असतो आणि समोरच्या टीम कॉम्प्युटर चालवतो, त्यात माझ्या टीमने 20 शॉट मारले आणि एका पेनल्टीवर 0-1 ने हरली. पहिला विचार तोच आला, जो प्रत्येकाला येतो: कॉम्प्युटरने ठरवून हरवलं.

मग आकडे नीट बघितले. जवळजवळ सगळे शॉट लांबून मारलेले. तशा शॉटचा एक्सजी, म्हणजे गोल होण्याची शक्यता, 0.03 च्या आसपास. तसे 20 मारले तरी एकही गोल न होण्याची शक्यता 54 टक्के निघते! पेनल्टी मात्र चारातल्या तीन सहज आत जातात. समोरचा दहा जण मागे घेऊन बसला होता आणि मी लांबूनच मारत राहिलो. गेल्या सीझनला आम्ही नवखे होतो, तेव्हा हेच संघ आमच्यावर तुटून पडायचे आणि मागे मोकळी जागा सोडायचे. यंदा आमचं नाव झालंय, म्हणून ते सावध झालेत. चांगला कोच हेच करेल. याला चीटिंग कसं म्हणायचं?

गेम बनवणारे सिड मायर यांनी 2010 साली गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये सांगितलं होतं, की तीनास एक अशी बाजू वरचढ असताना हरलं की खेळणारे चिडतात. उलट स्वतः एकास तीन असताना जिंकले, तर त्यात त्यांना काहीच खटकत नाही. मीही असाच आहे. माझ्या नशिबाच्या गोलांची तक्रार मी आजवर कधी केलेली नाही.

खरी फसवणूक वेगळी असते आणि तिचा मला मनापासून राग आहे. मोबाईलवरच्या एका क्रिकेट गेममध्ये मी पुढे गेलो की समोरच्या शेपटाला अचानक बळ यायचं. नववा-दहावा बॅट्समन माझ्या मेन बॉलरला सिक्स मारतोय, तेही दर मॅचला. अवघड करायचं तर नियम दोघांना सारखे ठेवून करा.

दुसरा अन्याय कॉम्प्युटरवर होतो, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. या प्रकारच्या कितीतरी गेममध्ये तो मैदानात हुशार आणि ट्रान्सफरच्या, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या बाजारात भोळा असतो. म्हातारा होत चाललेला स्ट्रायकर चढ्या भावाने घेतो, स्वतःचा 18 वर्षांचा गुणी पोरगा बेंचवर कुजवून स्वस्तात देऊन टाकतो. पाच सीझनमध्ये माझी टीम अजिंक्य होते, ती माझ्या डावपेचांमुळे नव्हे. असल्या विजेतेपदाचा आनंद मला होत नाही. मॅचमध्ये त्याला जादा ताकद देण्यापेक्षा बाजारात अक्कल द्या. पुढच्या दोन वर्षांचा विचार करून त्याने मला ‘नाही विकत’ असं सांगावं.

मॅचच्या आधीची सेव्ह लोड करून ती पुन्हा खेळलो नाही, कालची 0-1 तशीच राहू दिली. शनिवारी पुन्हा मागे बसणारीच टीम आहे. या वेळी दोन्ही विंगर, म्हणजे कडेने खेळणारे, अगदी लाईनला चिकटून खेळवणार आहे.