तीस जणांचा गेम आणि यादीबाहेरचे आम्ही

२०२५ मध्ये आपल्याकडे गेमबद्दल जेवढी चर्चा झाली तेवढी याआधी कधी झाली नसेल. पण त्यातली बहुतेक रमीबद्दल होती. जुलैत विधिमंडळात एका मंत्र्यांच्या मोबाईलवर रमी दिसल्याचा व्हिडिओ फिरला (त्यांनी आरोप फेटाळला; नंतर कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं, आता यावर वेगळा विनोद काय करणार). ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा आला. लोकसभा, राज्यसभा, राष्ट्रपतींची सही, सगळं २० ते २२ तारखेत उरकलं. टीम इंडियाच्या जर्सीवरून ड्रीम११ गेलं. आणि डोंबिवलीहून मावशीचा फोन आला, "तुझी नोकरी आहे ना गं अजून?"

आहे मावशी. मी ऐरोलीत बसून दगड बनवते.

खरंच दगड. दगड, पिंपं, कड्या-कोयंड्यांचे दरवाजे, पडक्या भिंती, गंजलेले पत्रे. परदेशातला स्टुडिओ मोठा गेम करत असतो, त्यातल्या हजारो वस्तूंपैकी काही आमच्यासारख्या आऊटसोर्सिंग स्टुडिओकडे येतात. कन्सेप्ट (वस्तूचं चित्र) येतं, आम्ही मॉडेल करतो, यूव्ही उलगडतो (म्हणजे वस्तूचा पृष्ठभाग कागदासारखा सपाट पसरतो), त्यावर टेक्श्चर, म्हणजे रंग-पोत चढवतो, लांबून दिसायच्या हलक्या आवृत्त्या काढतो. फीडबॅक येतो, "शेवाळ जरा कमी करा." कमी करतो. पुढच्या फीडबॅकमध्ये शेवाळ परत हवं असतं. शेवटी अप्रूव्ह होतं आणि आम्ही विसरून जातो. पुढे कधीतरी तो गेम बाजारात येतो, लोक त्या दगडामागे लपून गोळ्या झाडतात, आणि गेम संपल्यावर वर सरकत जाणाऱ्या नावांत आमच्या स्टुडिओचं नाव एका ओळीत असतं. कधी तेही नसतं. माणसांची नावं तर क्वचितच. गेम कोणता हे इथे लिहिता येत नाही, एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार आहे.

हे सगळं आता लिहावंसं वाटलं ते 'क्लेअर ऑब्स्क्युर : एक्स्पिडिशन ३३'मुळे. फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातल्या सँडफॉल नावाच्या नव्या स्टुडिओचा हा पहिलाच गेम. एप्रिलमध्ये आला, ३३ दिवसांत ३३ लाख प्रती विकल्या गेल्याचं कंपनीने सांगितलं, आणि डिसेंबरात द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातल्या सर्वोत्कृष्ट गेमसकट नऊ पुरस्कार घेऊन गेला. गेम सुंदर आहे, त्याबद्दल वादच नाही. मी स्वतः त्यातल्या समुद्राकाठच्या दगडांकडे लढाई सोडून बघत बसले होते (व्यवसायाचा दोष). पण वर्षभर ज्या कौतुकाने तो सांगितला गेला ते असं : "फक्त तीस जणांनी बनवला!" यूट्यूबवर तेच, लिंक्डइनवर तेच, आमच्या कॅन्टीनमध्येसुद्धा तेच. तीस जण जर असं करू शकतात तर बाकीच्यांना शेकड्यांनी माणसं कशाला लागतात, हा पुढचा प्रश्न ठरलेला.

त्या गेमची श्रेयनामावली शेवटपर्यंत बघा. शेकडो नावं आहेत. लढाईतल्या हालचालींचं काम करणारी कोरियातली टीम आहे, टेस्टिंगवाले आहेत, वादक आहेत, भाषांतरकार आहेत, आवाज देणारे आहेत. सँडफॉलने ती नावं दिली, त्यांच्याकडे माझी तक्रार नाही. मूळ टीम तीसेक जणांची होती हेही खरंच. पण लोकांना गोष्ट तीस जणांचीच आवडली. बाकीचे बाहेरचे, म्हणजे मोजायचे नाहीत.

गंमत अशी की त्याच गेममध्ये काही टेक्श्चर एआयने केलेले, तात्पुरते म्हणून ठेवलेले, चुकून तसेच राहिले होते. ते नंतर काढले गेले, पण त्यावरून इंडी (म्हणजे स्वतंत्र स्टुडिओंच्या) गेमना पुरस्कार देणाऱ्या इंडी गेम अवॉर्ड्सने डिसेंबरात दिलेले दोन पुरस्कार परत घेतले. पुरस्कार काढून घेणं बरोबर की जास्त, यावर माझं मत रोज बदलतं. मात्र एक गोष्ट मनातून जात नाही. मशीनने केलेलं टेक्श्चर कोणतं हे जगभर शोधून काढलं गेलं, त्यावर बातम्या झाल्या. माणसाने केलेलं टेक्श्चर कोणाचं, हे विचारायचं कोणाच्या डोक्यात येत नाही.

ठाण्यात वाढलेल्या माणसाला हे जास्तच खटकतं. गडकरी रंगायतनला पडदा उघडायच्या आधी जी घोषणा होते, तिच्यात नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा, वेशभूषा, सगळी नावं येतात. लोक तेव्हा खुर्ची शोधत असतात, वेफर्सचं पाकीट फोडत असतात, पण नाव घेतलं जातं. तीन तासांच्या नाटकाला जे जमतं ते अब्जावधी डॉलरच्या धंद्याला का जमत नाही?

जमत नाही असंही नाही, हवं तेव्हा जमतं. २०२३ मध्ये 'बाल्डर्स गेट ३' आला तेव्हा काही भाषांतरकारांची नावं वगळली गेली होती, म्हणजे त्यांच्या कंपनीच्या वरिष्ठांची होती आणि काम करणाऱ्यांची नव्हती. आरडाओरडा झाला आणि पुढच्या एका अपडेटमध्ये नावं आली. संपलं. आणि हे भांडण या धंद्याइतकंच जुनं आहे. अटारी कंपनी गेम करणाऱ्यांची नावं देत नसे, म्हणून वॉरन रॉबिनेट या प्रोग्रामरने 'अ‍ॅडव्हेंचर'मध्ये एक गुप्त खोली करून तिथे स्वतःचं नाव लिहून ठेवलं. एका राखाडी ठिपक्याएवढी वस्तू उचलली की तिथे जाता यायचं. त्याच सुमारास, १९७९ मध्ये, अटारीचे चार प्रोग्रामर पैसे आणि नाव दोन्ही मिळत नाही म्हणून बाहेर पडले आणि त्यांच्यासह अ‍ॅक्टिव्हिजन उभी राहिली. तीच अ‍ॅक्टिव्हिजन २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुमारे ६९ अब्ज डॉलरच्या सौद्यात घेतली. नावासाठी निघालेल्या माणसांच्या कंपनीची ही किंमत.

"नावाने पोट भरतं का?" हा प्रश्न मला घरूनही येतो आणि ऑफिसातूनही. भरतं. मुलाखतीत पहिला प्रश्न असतो, शिप झालेले टायटल (बाजारात आलेले गेम) किती? पोर्टफोलिओत मी काय दाखवू? एनडीएमधलं काम दाखवता येत नाही, म्हणून आमच्याकडची मुलं दिवसभर ऑफिसात जे करतात तेच रात्री घरी बसून स्वतःसाठी पुन्हा करतात, आर्टस्टेशन या कलाकारांच्या साइटवर टाकायला. एका गेमच्या यादीतलं एक नाव त्या रात्री वाचवू शकतं. त्यात २०२५ मध्ये बाजार काय होता बघा. फेब्रुवारीत टेक्निकलर ही व्हीएफएक्स कंपनी बुडाली आणि बंगळुरूची माणसं रस्त्यावर आली. जुलैत मायक्रोसॉफ्टने सगळे विभाग मिळून नऊ हजारांच्या आसपास नोकऱ्या कापल्या, 'परफेक्ट डार्क' आणि 'एव्हरवाइल्ड' हे गेम रद्द झाले. मोठमोठ्या टायटलवर नाव असलेली अनुभवी माणसं बाजारात उभी आहेत, आणि त्यांच्या शेजारी आम्ही उभे, पाच-सात वर्षं काम करून कागदावर कोरे.

रद्द झालेल्या गेमचं तर आणखी अवघड. जो गेम आलाच नाही त्याला शेवटची यादी कुठून असणार? 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम'चा नवा अवतार २०२० मध्ये जाहीर झाला तेव्हा तो युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होता. केवढं कौतुक वाटलं होतं आम्हाला. ट्रेलर आला, ग्राफिक्सवरून जगभर टिंगल झाली, मग तारखा पुढे गेल्या, २०२२ मध्ये काम माँट्रियलला गेलं, आणि २०२६च्या जानेवारीत तो गेमच रद्द झाला. टिंगल मात्र आजही गुगलवर सापडते. त्या गेमवर वर्षं घालवणाऱ्यांची नावं कुठल्या पडद्यावर बघायची?

क्लायंटला गुप्तता हवी असते हे मला समजतं. स्पर्धक आर्टिस्ट पळवतील म्हणून नावं झाकायची पद्धत जुनी आहे, जपानी गेममध्ये एके काळी लोकांची टोपणनावं छापायचे. पण गेम बाजारात आल्यावर कसली गुप्तता? आयजीडीए या गेम बनवणाऱ्यांच्या संघटनेने श्रेय कसं द्यावं याची मार्गदर्शिका काढलेली आहे. ती कोणावर बंधनकारक नाही, एवढीच अडचण.

बंधनकारक करायची एक जागा मात्र आपल्या हातात आहे. २०२५च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने एव्हीजीसी-एक्सआर धोरण मंजूर केलं, ३,२६८ कोटींचं. अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग वगैरे सगळं त्यात आलं. जागा, सवलती, रोजगाराचे आकडे, सगळं आहे. माझी मागणी एका अटीची आहे : जो स्टुडिओ सरकारी सवलत घेईल त्याने क्लायंटशी करार करताना काम करणाऱ्यांच्या नावांचं कलम घालायचं, आणि क्लायंट अडला तर निदान गेम आल्यावर त्या आर्टिस्टला अनुभवपत्रावर गेमचं नाव लिहून द्यायचं. याला पैसे लागत नाहीत.

"एवढी नावं गोळा कोण करणार?" असं एका मीटिंगमध्ये ऐकलंय. साहेब, दर महिन्याला क्लायंटला बिल जातं ना, त्याला टाइमशीट जोडलेली असते. कोणी कुठल्या दगडावर किती तास घातले, सगळं त्यात आहे, नाव-आडनावासकट.