सासूबाईंचा गुडघा आणि गादीच्या गोळ्या: एका कमेंटला उत्तर

ताई, कमेंट मोठी होती, म्हणून उत्तरही मोठं होणार, सांभाळून घ्या. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की ग्लुकोसामाइन (सांध्यांसाठी विकली जाणारी पूरक गोळी), शल्लकी (एका झाडाचा डिंक), हळदीच्या कॅप्सूल यांनी गुडघ्याची गादी, म्हणजे हाडांच्या टोकांवरची कूर्चा किंवा कार्टिलेज, वाचत नाही असं लिहून मी लोकांना घाबरवलं. सासूबाई वर्षभर गोळ्या घेतायत आणि आता जिना चढतात. युरोपात डॉक्टर स्वतः ग्लुकोसामाइन लिहून देतात, लॅन्सेट या नावाजलेल्या वैद्यकीय मासिकात अभ्यास आलाय त्याचं काय, आणि शेवटी मी ऑपरेशनवाल्यांचा एजंट.

शेवटचं आधी घेतो. मी मेडिकलच्या काउंटरवर बसतो हो, आणि या डब्यांवर मला पॅरासिटामॉलच्या पट्टीपेक्षा कितीतरी जास्त सुटतात, एजंटगिरी करायचीच असती तर उलट्या बाजूची केली असती.

आता सासूबाई. त्यांचं दुखणं कमी झालं यावर माझा पूर्ण विश्वास आहे, मी ते नाकारलंच नव्हतं. माझा वाद फक्त पुढच्या उडीशी आहे, की दुखणं कमी झालं म्हणजे गादी भरून आली किंवा झिजायची थांबली. जाहिरातवाले हीच उडी आपल्याकडून मारून घेतात. आपल्या नागपुरातलाच अभ्यास बघा, २००३ साली छापून आलेला, गुडघेदुखीच्या ३० पेशंटना आठ आठवडे शल्लकीचा अर्क आणि आठ आठवडे खोटी गोळी (दिसायला तशीच, आत औषध नाही) अशी अदलाबदल करून दिली. शल्लकीवर दुखणं कमी, सूज कमी, गुडघा जास्त वाकायला लागला, चालणं वाढलं. एक्सरेत मात्र काहीच बदल नाही. हे त्याच पेपरात लिहिलंय. आठ आठवड्यांत एक्सरे बदलावा अशी अपेक्षाही चूकच म्हणा, पण मग डब्यावर 'कार्टिलेज रिपेअर' कशाच्या जोरावर छापतात?

हळदीचंही तसंच. ऑस्ट्रेलियात होबार्टला ७० जणांवर १२ आठवडे हळदीचा अर्क देऊन बघितला, २०२० मध्ये निकाल आला, दुखण्यात फरक पडला, एमआरआयमध्ये गुडघ्यातलं पाणी आणि कूर्चा यात म्हणावा असा फरक नाही. (आणि हा अर्क होता, भाजीतली हळद नव्हे, हळदीतला गुणकारी मानला जाणारा घटक, कुरक्युमिन, तिच्यात जेमतेम तीन टक्के असतो.)

लॅन्सेटचं मात्र तुम्ही बरोबर बोललात, तुमच्या बाजूचा सगळ्यात दमदार पुरावा तोच. २००१, २१२ पेशंट, तीन वर्षं रोज १५०० मिलिग्रॅम ग्लुकोसामाइन सल्फेट. एक्सरेत गादी दिसत नाही, दोन हाडांमधली फट दिसते, ती कमी झाली की गादी झिजली असं धरतात; तर खोट्या गोळीवाल्यांच्या सांध्यातली फट सरासरी ०.३१ मिलिमीटर कमी झाली, ग्लुकोसामाइनवाल्यांची जवळपास तेवढीच राहिली. पण तो एक्सरे पाय पूर्ण सरळ करून उभं राहून काढलेला, आणि ज्याचं दुखत नाही तो पाय नीट सरळ करतो, ज्याचं दुखतं तो किंचित वाकवून उभा राहतो, तेवढ्यानेही फिल्मवरची फट बदलू शकते, आणि बोलतोय आपण मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याबद्दल. अभ्यासाला पैसा ते औषध बनवणाऱ्यांचा होता. मग अमेरिकेत सरकारी पैशातून मोठा अभ्यास झाला, १५८३ पेशंट, २००६ मध्ये छापला, त्यात खोटी गोळी खाणाऱ्या १०० पैकी ६० जणांना बरं वाटलं! साठ! ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन (सांध्यांसाठीचीच दुसरी पूरक गोळी) दोन्ही घेणाऱ्यांत ६६-६७, आणि हा फरक योगायोगापलीकडचा म्हणता येईल इतका नव्हता. यातल्याच काहींचे दोन वर्षं एक्सरे घेतले, ते २००८ मध्ये आले, फट कमी होण्यात खोट्या गोळीपेक्षा खात्रीचा फरक कुणातच नाही. म्हणून तर युरोपातली एक तज्ज्ञ समिती गोळी द्या म्हणते आणि अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांची संघटना २०१९ मध्ये गुडघ्यासाठी देऊ नका म्हणून ठासून सांगते.

मला स्वतःला सगळ्यात पटलेली गोष्ट वेगळीच आहे, आणि ती गोळ्यांवरच्या अभ्यासात नाहीये. १९५०-६० च्या दशकांत अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) एकदम वाढला आणि नंतर हळूहळू उतरला, त्यामुळे शरीरातला एखादा भाग कोणत्या काळात तयार झाला ते त्यातल्या कार्बनवरून कळतं. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१६ मध्ये गुडघ्याच्या कूर्चेतलं कोलॅजेन (तिचा सांगाडा बनवणारं प्रथिन) असं तपासलं, तर ते वाढीच्या वयात तयार झालेलंच निघालं, मोठेपणी नव्याने भर पडलेली जवळजवळ नाही. गुडघा दुखरा असो की धडधाकट, दोन्हींत तेच. म्हणजे सासूबाईंच्या गुडघ्यातलं कोलॅजेन त्यांच्या शाळेच्या दिवसातलं आहे. तिथे रक्तवाहिन्या नाहीत, पेशी मोजक्या, आणि आपण कोलॅजेनची पावडर दुधात घालून पिणार, ती पोटात पचून तिचे तुकडे होणार आणि ते बरोबर डाव्या गुडघ्यात जाऊन बसणार... बघा बुवा.

बाय द वे, सासूबाई शाकाहारी असतील तर डब्यावर हिरवा ठिपका आहे का बघा. ग्लुकोसामाइन बहुतेक वेळा कोळंबी-खेकड्याच्या कवचातून काढतात (मक्यापासूनचंही मिळतं), कॉन्ड्रॉइटिन गुरांच्या किंवा शार्कच्या कूर्चेतून. हे काउंटरवर कुणी सांगत नाही आणि नंतर घरात महाभारत होतं.

मग बंद करायच्या का, हा तुमचा खरा प्रश्न. शल्लकीने आराम पडतोय, पोट बिघडत नाहीये, खर्च झेपतोय, तर चालू ठेवा की, मी कोण अडवणारा. फक्त दुखण्यासाठी म्हणून ठेवा. महिनाभर थांबवून बघा, फरकच जाणवला नाही तर ते पैसे फिजिओथेरपिस्टला द्या, कारण मांडीचे स्नायू बळकट करणं आणि वजन उतरवणं याच्या बाजूने पुरावा खूपच भक्कम आहे, एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो. कंटाळवाणं आहे, माहितीये.

आणि युरोपचं नाव काढलंतच तर, पट्टीवर डायासेरिन (सांधेदुखीचंच एक औषध) लिहिलंय का तेही बघा, आपल्याकडे ग्लुकोसामाइनसोबत ते सर्रास असतं. त्याने लघवी गडद पिवळी होते, जुलाब लागतात, आणि युरोपातल्या औषध नियामकांनी २०१४ मध्येच ६५ च्या पुढच्यांना ते देऊ नका असं सांगितलंय. सासूबाईंना वॉरफरिनसारखी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ग्लुकोसामाइन आणि हळदीची कॅप्सूल दोन्ही डॉक्टरांच्या कानावर घाला, आजच घाला. डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवलात तर कशात किती मिलिग्रॅम आहे ते बघून सांगतो.