कुंडीत पाणी घालणं आज थांबवा : रानहळदीवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, बाकीचं सगळं नंतर बोलू, आधी एक काम करा. "परत फुटेल या आशेनं रोज तांब्याभर पाणी घालतेय" असं तुम्ही लिहिलंय, ते पाणी आजपासून बंद करा आणि कुंडी उचलून जिन्याखाली कोरड्यात सरकवा.

तुमची तक्रार थोडक्यात अशी : सावलीत वाढणाऱ्या रानातल्या झाडांवरचा माझा लेख वाचून तुम्ही रानहळद, पेव (हेही कंदाचंच झाड) आणि हंसराज (हा नेचा) लावले, दिवाळीनंतर तिन्ही वाळले. सावलीत पाणी कमी लागतं हे माझं म्हणणं खोटं ठरलं. त्यापेक्षा रोपवाटिकेतला अग्लोनिमा, ते शोभेच्या पानांचं झाड, बरा. आणि असले लेख वाचून लोक दाजीपूरच्या जंगलातनं कंद उपटून आणतील.

वाळण्याचं आधी सांगते. दिवाळीनंतर पानं पिवळी पडून आडवी होणं हा रानहळदीचा आणि पेवाचा दरवर्षीचा क्रम आहे. लेखात हे मी एका ओळीत उरकलं, त्यामुळं तुमचे तीन महिने काळजीत गेले, याचं मला खरंच वाईट वाटतं. आपल्या सह्याद्रीत पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. झाडांखालच्या या मंडळींना तेवढ्यात पानं, फुलं, बी सगळं उरकायचं असतं. मग जमवलेलं अन्न कंदात ठेवून ती जमिनीखाली जातात ती थेट पुढच्या पावसापर्यंत. त्या काळात पानंच नसल्यामुळं घातलेलं पाणी कोणी ओढत नाही, ते मातीत साचतं आणि कंद कुजतो. हंसराजही उन्हाळ्याच्या तोंडावर असाच खाली बसतो. अग्लोनिमाचं घराणं आग्नेय आशियातल्या दमट जंगलांचं, म्हणून तो बारा महिने हिरवा. हॉलमध्ये तो जरूर ठेवा, पण त्याच्या मापानं रानहळदीला मोजू नका.

माझ्याकडं मागच्या दाराशी, घर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये चार फुटांची पट्टी आहे. सकाळी तासभर तिरपं ऊन, मग दिवसभर सावली. कुंड्या तिथंच असतात. मेच्या शेवटी एखादा चांगला वळीव झाला की माती उलते आणि सुरळी केलेल्या पानाचं हिरवं टोक वर येतं. मी पाणी घालायला सुरुवात करते ती ते टोक दिसल्यावर, आधी नाही. पावसाळ्यात रानहळदीला फुलांचा तुरा येतो : खाली हिरव्या खवल्यांतनं डोकावणारी पिवळी फुलं, वर गुलाबी-जांभळा शेंडा. एकदा कुंडी रिकामी केली तर मुळांच्या टोकांना बदामाएवढे पांढरट गड्डे लटकलेले होते. कंद वेगळे करताना हे गड्डे तोडून टाकू नका, झाडाची शिदोरीच ती.

पाण्याबद्दल तुमचं बरोबर आणि माझं चूक. मी भिंतीची सावली डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं, तुम्ही लावलं आंब्याखाली. भिंतीच्या आडोशाला ओल टिकते. आंब्याखाली मात्र हलकी सर वरच्या पानांतच अडते आणि खाली उतरलेलं पाणी आंब्याची मुळं पिऊन टाकतात. तिथं खड्डा न काढता कुंडीतच लावा. पावसानं चार-पाच दिवस उघडीप दिली की बोट खुपसून बघा, कोरडं लागलं तर पाणी द्या. पंचगंगेकाठची काळी माती नुसती भरू नका, पाणी धरून बसते. लाल माती, कुजलेला पाचोळा आणि थोडी जाड वाळू असं मिश्रण मला मानवलंय. हंसराज मात्र पागोळ्यांजवळच्या भिंतीला हलवा. त्याच्या पानावर पाणी टाकून बघा, थेंब पारा घरंगळावा तसा निघून जातो, पान कोरडंच! पण हवेतली ओल गेली की तेच पान दोन दिवसांत करपतं.

जंगलातनं उपटण्याबद्दल तुम्ही लिहिलंत त्यातला शब्दन् शब्द मला मान्य आहे. दाजीपूरचं जंगल ज्यात येतं ते राधानगरी १९५८ पासून अभयारण्य आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तिथनं झाड-कंद काढणं हा गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी वाटेकडेचा एक कंद उचलला की पुढच्या वर्षी तिथं मोकळी जागा दिसते, ती मी गगनबावड्याच्या वाटेवर पाहिली आहे. माझा पहिला कंद शाहूवाडीकडच्या मावशीच्या परड्यातला, तिथं तो बांधाला वर्षानुवर्षं आपोआप पसरतो. लेखात हे लिहिलं नव्हतं, आज सकाळी सुरुवातीलाच घातलंय.

आता तुमची कुंडी. एका कडेनं हलकेच उकरून कंद दाबून बघा. टणक असेल आणि नखानं खरवडल्यावर आत ताजा, ओलसर दिसला तर माती परत लोटा आणि मेपर्यंत हात लावू नका. मऊ लागला, वास आला तर मला कळवा. मेमध्ये मी कुंड्या फोडून कंद वेगळे करणारच आहे, त्यातले दोन तुमच्या नावानं बाजूला ठेवते.